कर्जदार विद्यार्थी नव्हे, सरकार!

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित रोजंदारी मजुराच्या मुलाने २०२४ साली जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही देशातील अत्यंत कठीण समजली जाणारी परीक्षा पास केली. धनबादच्या आयआयटीत त्याला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची जागा मिळाली. ती पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते आणि मुदत होती २४ जून, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत. बापाकडे पैसे नव्हते. इकडून तिकडून गोळा करून रक्कम उभी राहिली, पण ती भरण्याच्या धडपडीतच ५ वाजले, पोर्टल बंद झाले आणि जागा गेली. पोरगा अनुसूचित जाती आयोगाकडे गेला, झारखंडात गेला, मद्रास हायकोर्टात गेला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील विशेषाधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मुंबईच्या आयआयटीतली जागा अशीच फी वेळेत न भरता आल्याने गमावलेल्या दुसऱ्या एका दलित विद्यार्थ्यालाही सर्वोच्च न्यायालयानेच वाचवले होते.

दोन्ही निकालांचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु चळवळीच्या माणसाने टाळ्या वाजवून थांबता कामा नये. ज्या देशात १७,५०० रुपयांसाठी मजुराच्या मुलाला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, त्या देशात न्यायालयापर्यंत पोहोचू न शकलेली किती मुले असतील? तालुक्याच्या कॉलेजातून, नर्सिंगच्या वर्गातून, पॉलिटेक्निकमधून फी न भरल्यामुळे गुपचूप घरी परतलेल्या मुलामुलींची नोंद कोणत्या दप्तरात आहे? त्यांच्यासाठी अनुच्छेद १४२ नाही, वकील नाही आणि वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमीही नाही.

यातून एक गोष्ट मात्र लख्खपणे दिसते. गरिबाने पैसे भरायचे असले की तारीख असते, वार असतो, तास आणि मिनिटही असते. सरकारने गरिबाला पैसे द्यायचे असले की ना तारीख, ना वार! शिष्यवृत्ती या वर्षीची पुढच्या वर्षी येते, पुढच्या वर्षीची त्याच्या पुढच्या वर्षी येते आणि कधी कधी तर पदवी हातात पडल्यावर येते. बैल गेला अन् झोपा केला! आणि ही दिरंगाई इतकी अंगवळणी पडली आहे की आपण तिला "स्कॉलरशिप लेट झाली" असे सौम्य नाव देऊन मोकळे होतो.

आमचे म्हणणे असे आहे की हे नावच चुकीचे आहे. जे पैसे कायद्याने आणि शासनाच्या निर्णयाने विद्यार्थ्याचे आहेत ते सरकारने वर्षभर आपल्याकडे ठेवले, तर व्यवहाराच्या भाषेत त्याला एकच शब्द आहे आणि तो म्हणजे कर्ज. हे कर्ज विद्यार्थ्याने सरकारला दिलेले आहे, तेही बिनव्याजी आणि बिनमुदतीचे. म्हणजे देशातील सर्वांत गरीब माणूस देशातील सर्वांत मोठ्या तिजोरीचा सावकार झाला आहे, पण या सावकाराला वसुलीचा हक्क मात्र नाही. असे असताना कर्जबुडवा ठरतो तो विद्यार्थी, वर्गाबाहेर उभा केला जातो तो विद्यार्थी आणि निकाल अडवला जातो तोही विद्यार्थ्याचाच!

शिष्यवृत्ती हा प्रकार मुळात कोठून आला, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमरावांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकलेला पैसा, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढीच त्यांची पुंजी होती. म्हणजे आपले बाबासाहेब हेसुद्धा एकेकाळी कर्ज काढून शिकलेले विद्यार्थी होते! पण त्यांना राजे भेटले, मित्र भेटला. प्रत्येक महारा-मांगाच्या, चांभारा-भंग्याच्या पोराला सयाजीराव कोठून भेटणार? म्हणून १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न थेट व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यापुढे मांडला. त्या प्रयत्नांतून १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' किंवा नुसती 'जीओआय' म्हणतो ती हीच. राजाच्या मर्जीवर जे मिळत होते ते राज्याच्या जबाबदारीवर मिळावे, हा त्यामागचा विचार होता.

त्याच्याही आधी, १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारला हिशेब विचारला होता. सरकार शिक्षणावर माणशी जेवढे खर्च करते त्याहून अधिक अबकारी करापोटी लोकांकडून वसूल करते, हे त्यांनी दाखवले. कॉलेजांच्या खर्चाचा मोठा वाटा फीमधून काढणे म्हणजे शिक्षणाचा व्यापार आहे आणि खालच्या वर्गांना उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त झाले पाहिजे, असे त्यांनी बजावले. या भाषणाला जवळजवळ शंभर वर्षे होत आली. इंग्रज गेले, संविधान आले. दुर्बल घटकांचे आणि विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक व आर्थिक हित राज्याने विशेष काळजीपूर्वक जपावे, असे अनुच्छेद ४६ सांगतो. पण हिशेब विचारण्याची वेळ अजून टळलेली नाही.

आता या 'विशेष काळजी'चे स्वरूप पाहू. खुद्द केंद्र सरकारने २३ डिसेंबर २०२० रोजी दिलेल्या माहितीनुसार अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटी रुपये होती. देशभरातील अनुसूचित जातींच्या सर्व कॉलेज विद्यार्थ्यांसाठी अकराशे कोटी! राज्यांवर 'बांधील दायित्व' या गोंडस नावाखाली ओझे ढकलून केंद्राने हात वर केले होते. राज्ये म्हणत केंद्राचा पैसा आला नाही, केंद्र म्हणे राज्यांनी आपला वाटा भरावा. दोघांच्या भांडणात कॉलेजचा लिपिक विद्यार्थ्याकडेच बोट दाखवत राहिला. देशभर ओरड झाली तेव्हा कोठे केंद्राने ६०:४० असे प्रमाण ठरवून ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली, ज्यात केंद्राचा वाटा ३५,५३४ कोटी होता. ही वाढ झाली ती ओरड झाली म्हणून, हे लक्षात ठेवावे.

परंतु या नव्या व्यवस्थेतही एक खुंटी ठोकून ठेवलेली आहे. राज्याने आपला ४० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा केल्यावर केंद्राचा ६० टक्के वाटा सुटतो. राज्याची तिजोरी आटली की केंद्राचा नळही बंद. मध्ये महाडीबीटीचे पोर्टल आहे, आधारशी जोडलेले खाते आहे, उत्पन्नाचा दाखला आहे, जात पडताळणी आहे आणि 'कॉलेजच्या लॉगिनला पेंडिंग' नावाचा न संपणारा मुक्काम आहे. पूर्वी फीची रक्कम कॉलेजकडे जात असे. आता ती विद्यार्थ्याच्या खात्यात येणार म्हणून कॉलेज आधीच विद्यार्थ्याकडे तगादा लावते. थेट खात्यात पैसे ही कल्पना वाईट नाही, मधल्या दलालांना तिने आळा बसू शकतो. पण पैसे वेळेवर आले नाहीत तर त्याचा भार कोणी सोसायचा, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. आणि जेथे उत्तर नसते तेथे भार गरिबावर पडतो, हा या व्यवस्थेचा अलिखित नियम आहे.

रकमा पाहिल्या तर हसावे की रडावे कळत नाही. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बीए, बीकॉम, बीएस्सी अशा साध्या पदवी अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहून शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये भत्ता ठरला आणि घरून ये-जा करणाऱ्याला ३,०००. म्हणजे दरमहा ५०० आणि २५०! पुण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात ५०० रुपयांत महिना काढून दाखवणारा एखादा सचिव असेल तर त्याचा जाहीर सत्कार करायला आम्ही तयार आहोत. उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ साली अडीच लाखांवर नेली गेली आणि २०२१ च्या सूचनांतही तीच कायम ठेवली गेली. दरम्यान २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती करून 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' घटक तयार केला गेला. त्याला मर्यादा किती? आठ लाख! म्हणजे सवर्ण माणूस आठ लाखांपर्यंत गरीब आणि दलित माणूस अडीच लाखांच्या वर गेला की श्रीमंत! महाराष्ट्रात अडीच लाखांच्या वरच्यांना फ्रीशिप आहे हे खरे. पण फ्रीशिपमध्ये फी सुटते, पोट सुटत नाही. खोलीचे भाडे, मेस, पुस्तके, एसटीचा पास हे सारे ज्याचे त्याने पाहायचे. २०२४ साली राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, आर्थिक मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. त्या निर्णयाचे स्वागतच आहे. मुलगी शिकावी हे तर सावित्रीमाईंचे काम. पण गरिबी मोजायची पट्टी जातीनुसार बदलते कशी, याचे उत्तर सरकारने द्यायला नको काय?

आता शिष्यवृत्ती उशिरा आल्याने घरात काय घडते त्याचा साधा हिशेब मांडू. मुलाला खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेज म्हणते, शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, आधी ५० हजार भरा. बाप बिगारी आहे, आई बचत गटात आहे. आई मायक्रोफायनान्सकडून किंवा वस्तीतल्या सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिना दराने ५० हजार उचलते. व्याज झाले महिन्याला १,००० रुपये. सरकार त्या मुलाला भत्ता देते वर्षाला १३,५०० रुपये, तोही वसतिगृहात राहत असेल तर. घरून जात असेल तर ७,०००. म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्याच्या भत्त्यातले १२,००० व्याजातच गेले, आणि घरून जाणाऱ्याच्या आईला तर भत्त्याहून ५,००० रुपये जास्त व्याज भरावे लागले. तोच मुलगा बीएला असता तर वर्षाचा भत्ता फार तर सहा महिन्यांच्या व्याजाला पुरला असता. ही शिष्यवृत्ती झाली की व्याजवृत्ती? सरकारने वेळेवर न दिलेल्या पैशाचे व्याज ती माय भरते आहे. आणि रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या व्याजदरावरील जुनी मर्यादा उठवून दर ठरवण्याची मोकळीक दिली, ती कोणाच्या जिवावर, हेही या माउलीलाच विचारावे.

हा केवळ पैशाचा हिशेब नाही, जिवाचाही आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, पावणेदोन लाख रुपयांचा, उल्लेख होता आणि त्यातून मित्राचे ४० हजारांचे देणे फेडले जावे अशी त्याची इच्छा होती. जगाचा निरोप घेतानाही त्या पोराला आपल्या कर्जाची लाज वाटत होती. ज्यांनी त्याचे पैसे अडवून ठेवले त्यांना मात्र कधी लाज वाटल्याचे ऐकिवात नाही. रोहितच्या बहिष्काराविषयी चळवळीने पुष्कळ लिहिले आणि ते आवश्यकच होते. पण त्या बहिष्काराचे एक हत्यार थकवलेली फेलोशिप हे होते, ते विसरू नये.

शिष्यवृत्ती पुरत नाही तर बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्या, असे सरकार म्हणते. ठीक आहे, तेही दार ठोठावून पाहू. २००१ साली बँकांच्या संघटनेने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आणली. चार लाखांपर्यंत तारण नाही आणि साडेसात लाखांच्या वर गेले की तारण हवे, अशी तिची रचना होती. तारण म्हणजे जमीन, घर, ठेव. आमच्या माणसाकडे काय आहे? गायरानातली झोपडी, जिचा सातबारा नाही. शहरातली खोली, जिच्या पावतीवर आजोबांचे नाव. कमी रकमेच्या कर्जालाही शाखेतला साहेब जामीनदार मागतो, तोही सरकारी नोकर. सरकारी नोकरीच कंत्राटावर गेल्यावर जामीनदार आणायचा कोठून? आता तर बापाने हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलचे दोन हप्ते चुकले की मुलाचे कर्ज 'सिबिल'मध्ये अडकते. शैक्षणिक कर्ज देताना विद्यार्थ्याचा सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले. उद्याच्या कमाईकडे पाहून द्यायच्या कर्जाला कालच्या गरिबीची फुटपट्टी लावू नये, एवढी साधी ही गोष्ट आहे. पण ती सांगायलाही हायकोर्ट लागते!

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना मंजूर केली. विनातारण, विनाजामीन कर्ज आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. ऐकायला उत्तम. पण ही योजना सुरू झाली ती रँकिंगमध्ये वर असलेल्या ८६० संस्थांपुरती, आणि व्याजसवलत वर्षाला फक्त एक लाख विद्यार्थ्यांना. ज्यांची मुले गेवराईच्या, मेहकरच्या, अक्कलकोटच्या कॉलेजात शिकतात त्यांनी या रांगेत उभे राहण्याचाही प्रश्न येत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षणाच्या काळातले व्याज माफ करणारी २००९ ची योजना आहे, पण तिचा लाभ तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच. शिष्यवृत्ती वेळेवर नाही आणि कर्जाला तारण नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

त्याहून गंभीर गोष्ट अशी की सरकारने आता विद्यापीठांनाच कर्जदार केले आहे. २०१७ साली कॅनरा बँकेच्या भागीदारीत 'हेफा' ही संस्था काढली गेली. पूर्वी इमारती, प्रयोगशाळा, वसतिगृहे यांसाठी सरकारकडून अनुदान मिळत असे. आता संस्थेने हेफाकडून कर्ज घ्यायचे आणि ते स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे, असे धोरण आले. काही प्रकारच्या संस्थांना पुढे परतफेडीत सवलती दिल्या गेल्या, पण दिशा स्पष्ट आहे. संस्थेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे काय? मुख्यतः फी! म्हणजे संस्थेने काढलेले कर्ज फीच्या वाटेने विद्यार्थ्याच्या डोक्यावर येणार आणि ती फी भरण्यासाठी विद्यार्थी स्वतः पुन्हा कर्ज काढणार. एकाच शिक्षणावर दोनदा कर्ज! १९२७ साली बाबासाहेबांनी ज्याला व्यापार म्हटले त्याची ही सुधारलेली आवृत्ती आहे.

पैसा नाही हे कारण सरकारने सांगू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडत असल्याचे सरकारनेच सांगितले. अकराशे कोटींची शिष्यवृत्ती जड झाली त्याच काळातली ही गोष्ट! मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार बँकांनी दहा आर्थिक वर्षांत सुमारे १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे अर्थमंत्रालय दरवेळी सांगते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पण वसुली किती होते? दिवाळखोरी कायद्यात मिटवलेल्या प्रकरणांत मान्य दाव्यांपैकी सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच रक्कम हाती लागली आहे. बाकीचे 'हेअरकट'! ८ जून २०२३ रोजी तर रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली आणि बारा महिन्यांनंतर अशांना पुन्हा कर्ज मिळण्याची वाट मोकळी ठेवली. उलट २०१६ साली देशातील सर्वांत मोठ्या सरकारी बँकेने थकलेली शैक्षणिक कर्जे सवलतीच्या भावात एका खासगी वसुली कंपनीला विकली. सवलत कंपनीला, तगादा विद्यार्थ्याला! तीच सवलत थेट त्या बेकार पदवीधराला दिली असती तर बँकेचे काय बिघडले असते? मोठ्याचे कर्ज थकले की तो बँकेचा प्रश्न होतो, लहानाचे थकले की ते त्याचे चारित्र्य ठरते. चातुर्वर्ण्य कर्जखात्यातही शिरले आहे, दुसरे काय?

राज्य सरकारही यात मागे नाही. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, यावरून काय ते समजावे. सरकारचा युक्तिवाद असा की हे पैसे त्याच समाजांच्या बहिणींना जात आहेत. बहिणीला दीड हजार मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण जी योजना सर्व समाजांच्या स्त्रियांसाठी आहे तिचा खर्च सर्वसाधारण तिजोरीतून झाला पाहिजे. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्वाधार अशा त्यांच्या खास गरजांसाठी राखून ठेवलेला असतो. आईच्या हातावर दीड हजार ठेवायचे आणि तिच्या मुलाच्या वसतिगृहाचा निधी काढून घ्यायचा, ही ओवाळणी नव्हे, ही हातचलाखी आहे. आणि यातून बहिणींविरुद्ध विद्यार्थी, शेतकऱ्यांविरुद्ध भूमिहीन असे गरिबाविरुद्ध गरीब उभे राहिले तर ते सत्ताधाऱ्यांना हवेच आहे. चळवळीने या सापळ्यात पाऊल टाकू नये.

परदेशी शिक्षणाची कथा वेगळी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, इतिहास व समाज या विषयांवरचे संशोधन वगळले गेले. कोलंबियात बसून जातिसंस्थेवर निबंध वाचणाऱ्या तरुण आंबेडकरांना या नियमाने शिष्यवृत्ती मिळाली नसती! २०२५ साली निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला केवळ ४० जणांना मंजुरीची पत्रे दिली गेली आणि इतरांना निधीच्या उपलब्धतेवर ताटकळत ठेवले गेले. विद्यापीठाचे सत्र कोणाच्या निधीसाठी थांबत नसते.

मग मागायचे काय? नुसते निवेदन देऊन, "शिष्यवृत्ती तात्काळ अदा करा" असे लिहून भागणार नाही. अशी निवेदने जिल्हाधिकारी कार्यालयात वर्षानुवर्षे धूळ खात पडली आहेत. आमची मागणी वेगळी आहे आणि ती अगदी कायद्याच्या भाषेतली आहे. प्राप्तिकराचा परतावा उशिरा मिळाला तर सरकार करदात्याला दरमहा अर्धा टक्का व्याज देते. लघुउद्योजकाचे बिल थकवले तर २००६ च्या कायद्याप्रमाणे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कारखान्याने उसाची एफआरपी १४ दिवसांत दिली नाही तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १५ टक्के व्याज लागू होते. करदात्याचा पैसा पैसा आहे, उद्योजकाचा पैसा पैसा आहे, बागायतदाराचा पैसा पैसा आहे. मग दलित-आदिवासी विद्यार्थ्याचाच पैसा तेवढा खैरात आहे काय?

म्हणून पहिली मागणी अशी की शिष्यवृत्ती, फेलोशिप आणि स्वाधारची रक्कम देण्याची तारीख शासनाने जाहीर करावी आणि त्या तारखेनंतरच्या प्रत्येक महिन्याचे व्याज विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावे. व्याजाचा आकडा अर्थसंकल्पात दिसू लागला की दिरंगाई आपोआप कमी होईल, कारण सरकारला दुःख कळत नाही, पण आकडा कळतो. दुसरी मागणी, शासनाकडून येणे असलेल्या रकमेपोटी कोणत्याही कॉलेजने प्रवेश, हॉल तिकीट, गुणपत्रक किंवा दाखला अडवल्यास त्याच्यावर कारवाई व्हावी. तिसरी, उत्पन्नमर्यादा सर्व घटकांना एकच असावी आणि भत्ता महागाईशी जोडावा. नोकरदारांना महागाई भत्ता आणि विद्यार्थ्याला ५०० रुपये, हा कोणता न्याय? चौथी, नोकरी लागेपर्यंत गरीब विद्यार्थ्याच्या शैक्षणिक कर्जावर व्याज नको, मग अभ्यासक्रम कोणताही असो. पाचवी, आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेच्या निधीसाठी कायदे केले. महाराष्ट्रात या कायद्याची मागणी जुनी आहे. तो कायदा पळवाटा न ठेवता झाला पाहिजे.

शेवटी दोन शब्द आपल्यालाही. जयंतीला आपण लाखोंनी जमतो, डीजेच्या भिंती उभ्या करतो. त्याच वस्तीत एखादी मुलगी १७,५०० रुपयांसाठी संध्याकाळचे ५ वाजताना पाहत बसली असेल तर ती मिरवणूक कोणाची? आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा समाजासाठी, ही शिकवण विहाराच्या भिंतीवर लिहून चालणार नाही, ती खात्यावर दिसली पाहिजे. प्रत्येक विहारात जूनपासून एक टेबल, एक संगणक, एक शिकलेला कार्यकर्ता आणि थोडा फिरता निधी एवढे केले तरी प्रवेशाच्या वेळी होणारी कोंडी फुटेल. शिष्यवृत्ती आली की मुलाने पैसे परत करावेत आणि ते पुढच्या मुलाला द्यावेत. नवल भथेना एकच होते, आपण हजारो होऊ शकतो. त्याच टेबलावर एक वही ठेवा. कोणाची किती रक्कम, किती महिन्यांपासून सरकारकडे थकली आहे ते तीत लिहा. वस्तीची वही तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला, जिल्ह्याची मंत्रालयाला नेऊ. आजवर सरकार आपल्या दारात वसुलीला येत होते. आता हिशेबाची वही घेऊन सरकारच्या दारात जाण्याची पाळी आपली आहे. आपण भीक मागायला जात नाही, थकलेले येणे वसूल करायला जात आहोत, हे भान प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात रुजले की त्याची मान आपोआप ताठ होईल. मान ताठ असलेला विद्यार्थीच बाबासाहेबांना हवा होता.

जयभीम!